पहिल्या धड्याचे मास्तर

टेलरमास्तरांना डझनभर भाषांत स्वतःचं नाव सांगता यायचं, चहा गरम आहे असं म्हणता यायचं आणि स्टेशन कुठे आहे हेही विचारता यायचं. त्याचं उत्तर मात्र एकाही भाषेत कळायचं नाही. उत्तर दुसऱ्या धड्यात होतं, आणि दुसऱ्या धड्याला फी होती.

भानगड अशी, की मास्तरांच्या दुकानाच्या बरोबर डोक्यावर परक्या भाषांची शिकवणी चालायची. खाली मास्तर लोकांच्या पॅन्टी आखूड करत, चेनी बदलत; वर एक बाई लोकांना बोलायला शिकवत. कुठल्याही भाषेचा पहिला तास फुकट, आवडलं तर पुढे नाव घाला, असा बाईंचा रिवाज होता. फुकट म्हटल्यावर मास्तर एकदा सहज डोकावले. वर पंखा जोरात फिरत होता आणि खुर्च्यांना पाठ होती. मशीनपुढच्या स्टुलावर उभा जन्म काढलेल्या माणसाला पाठीची खुर्ची म्हणजे काय चीज असते, ते इतरांना नाही कळायचं. मास्तर पुढच्या भाषेलाही गेले, त्याच्या पुढच्याही. भाषा संपल्या तेव्हा पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली.

बाईंनी आधी काणाडोळा केला. मग त्यांच्या लक्षात आलं की हा माणूस भलताच कामाचा आहे. नवीन मंडळी पहिल्या तासाला तोंडात मिठाची गुळणी धरून बसत. मग मास्तर उठत आणि सगळा धडा खणखणीत उच्चारात म्हणून दाखवत. "बघा," बाई म्हणत, "हे गृहस्थ खाली शिवणकाम करतात. आज पहिल्यांदाच आलेत." मास्तरही इतके बनेल, की मधे एक वाक्य मुद्दाम चुकत, ओशाळं हसत आणि मग दुरुस्त करत. त्यांचं हुकमी वाक्य होतं, "मी विद्यार्थी आहे." पिकलेलं डोकं, गळ्यात मापाची टेप आणि तोंडी हे वाक्य, म्हटल्यावर वर्ग खो खो हसायचा. हसल्यावर लोक सैल व्हायचे, आणि तास संपताना नाव घालायला रांग लागायची.

वरच्या जिन्यात बाईंचा सूचनाफलक होता. मास्तर तो रोजच्या पेपरासारखा वाचत. कुठली शिष्यवृत्ती निघाली, भाषाशिक्षकांची कार्यशाळा कुठे आहे, कुठल्या वाचनालयात हेडफोन लावून धडे ऐकता येतात, शनिवारी बागेत जमून परभाषेत गप्पा मारणारा गट कोणत्या बाकावर बसतो, सगळं त्यांना तोंडपाठ. गिऱ्हाइकाच्या पायाचं माप घेता घेता ते त्याला कुठल्या तरी कोर्सला लावून देत. त्यांच्या सांगण्यावरून एक नर्स भाषा शिकून परदेशी नोकरीला लागली, आणि एक शाळेतल्या बाई कार्यशाळेला जाऊन आल्यापासून मुलांना खेळ खेळवत शिकवायला लागल्या. त्या दोघी मास्तरांचं नाव काढत. मास्तर स्वतः मात्र होते तिथेच होते.

"अहो, एक तरी भाषा पुरी शिका की," बायको म्हणायची. "नुसते सगळ्यांच्या दारांत उभे राहून परत येता."

"पाया पक्का करतोय मी."

"जन्मभर पायाच खणा. भिंत मी मेल्यावर बांधा."

दूर देशी नोकरीला गेलेल्या मुलाने तिकडचीच मुलगी केली, तेव्हा मास्तरांना कोण आनंद झाला! तिच्या भाषेचा पहिला तास त्यांनी सगळ्यात जास्त वेळा केला होता. फोनवर त्यांनी विहीणबाईंना सगळा धडा एका दमात ऐकवला. पलीकडे सगळे थक्क.

"बाबा, तुम्हाला यांची भाषा येते?" मुलाने विचारलं.

खरं सांगायची हीच वेळ होती. पण मास्तर म्हणाले, "येते आपली थोडीफार." ते अशा काही विनयाने म्हणाले, की ऐकणाऱ्यांनी त्याचा अर्थ भरपूर येते असाच घेतला. मास्तरांनी तो घेऊ दिला.

वर्षभराने मुलाचा फोन आला. सून, तो आणि विहीणबाई असे तिघे येणार होते. "बाबा, सासरे गेल्यापासून त्या मनातलं कोणाशीच बोलत नाहीत. पोटच्या मुलीशीसुद्धा नाही. म्हणतात, तुझ्या वडलांशी बोलेन, त्यांना आमची भाषा येते. मुद्दाम त्यासाठी येताहेत."

मास्तरांनी मनातल्या मनात पहिला धडा पुन्हा म्हणून पाहिला; तो तेवढाच होता. तरी तोंडाने ते "येऊ दे, येऊ दे" असंच म्हणाले. खोटेपणाला एकदा अस्तर लावलं की ते उसवायला फार जिवावर येतं.

पहिला दिवस झकास गेला. दारातच मास्तरांनी नमस्कार केला, नाव सांगितलं, चहा गरम असल्याचं कळवलं. उंच, गंभीर विहीणबाईंचा चेहरा उजळला. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगा बायकोला आणि आईला घेऊन बाजारात निघाला. "तुम्ही दोघं बोला निवांत," म्हणाला. मास्तर त्याच्या मागे चपला घालायला धावले होते, पण दार लागलं.

विहीणबाई बोलायला लागल्या. पहिला धडा त्यांनी केव्हाच मागे टाकला. मास्तरांनी आपल्या जवळचे तीन शब्द पाळीपाळीने वापरायचं ठरवलं: हो, फार छान, धन्यवाद. त्या थांबल्या की एक शब्द टाकायचा. बराच वेळ हे जमलं. विहीणबाईंचा आवाज खाली गेला, त्या खिडकीकडे बघत राहिल्या, तेव्हा मास्तरांना वाटलं, हवेविषयी चाललं असावं. मग त्या गप्प झाल्या. आता आपली पाळी, असं समजून मास्तर चोख उच्चारात म्हणाले, "फार छान! धन्यवाद!" तरी शांतताच. ती भरून काढायला त्यांनी उरलेलं वाक्यही वापरलं, "स्टेशन कुठे आहे?"

विहीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्या उठल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

मंडळी बाजारातून आली. सून आत गेली आणि डोळे लाल करून बाहेर आली. तिने नवऱ्याला काहीतरी सांगितलं, तसा मुलाचा चेहरा पडला.

"बाबा, त्या सासऱ्यांच्या शेवटच्या दिवसांचं सांगत होत्या. हिलासुद्धा आजवर सांगितलं नव्हतं. आणि तुम्ही फार छान म्हणालात? वर धन्यवाद? वर स्टेशन? त्यांना वाटलं, तुम्ही त्यांना निघा म्हणताय. सामान भरताहेत त्या."

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायकोने पिशवी जमिनीवर ठेवली. "सांगा आता त्यांना, पाया पक्का आहे म्हणून."

"मी सांगतो समजावून, बाबांना काही कळत नाही म्हणून," मुलगा आत निघाला.

"थांब," मास्तर म्हणाले. "थाप मी मारली, मीच निस्तरतो. तेवढं त्यांना आज जाऊ देऊ नका."

ते तडक शिकवणीत गेले. बाई वर्ग सुटल्यावर टेबलावर चित्रांची कार्डं लावत बसल्या होत्या. मास्तरांनी दम खात सगळं सांगितलं आणि विचारलं, "बाई, माझं चुकलं, हे कसं म्हणायचं?"

"ते नवव्या धड्यात आहे."

"आणि तुमचे मालक गेले त्याचं फार वाईट वाटतं, हे?"

"ते पुढच्या पुस्तकात. पण मास्तर, मी आत्ता पाठ करून दिलं तर तुम्ही म्हणाल. सुरेख म्हणाल. मग त्या पुन्हा तासभर बोलतील. तेव्हा काय कराल?"

मास्तर पाठीच्या खुर्चीत टेकले. पंखा फिरत होता, पण त्यांना घाम सुटला होता. भिंतीवर अजून त्याच दिवशीच्या पहिल्या तासाची वाक्यं लिहिलेली होती. ती त्यांनी एकदा वाचली.

"दुसरा धडा कधी असतो?" त्यांनी विचारलं.

बाईंचे हात थांबले. "इतक्या वर्षांत आज विचारलंत," असं म्हणून त्यांनी कपाटातून त्या भाषेचं पुस्तक काढून दिलं. फी नको म्हणाल्या. "घ्या हो, फुकटचं महागात पडलं," म्हणत मास्तरांनी पैसे टेबलावर ठेवले, आणि बाईंनाही जरा खाली बघावं लागलं. मास्तरांना नवखा म्हणून उभं करण्यात त्यांचाही हात होताच.

घरी येऊन मास्तरांनी आतल्या खोलीचं दार वाजवलं. पलंगावर बॅग उघडी होती, निम्मी भरलेली. विहीणबाई घड्या घालत होत्या, त्यांनी वर पाहिलं नाही. मास्तरांनी तोंड उघडलं. शंभरदा म्हटलेलंच वाक्य होतं.

"मी," ते म्हणाले, "मी विद्यार्थी आहे."

आज कोणी हसलं नाही. मास्तरांनी पुस्तक पुढे केलं. पहिल्या धड्याच्या पानावर बोट ठेवून मान हलवली: हे येतं. मग पान उलटलं, पुढचं सगळं जाडजूड पुस्तक चिमटीत धरून दाखवलं आणि हात पसरले. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांनी गळ्यातल्या टेपनेच पुसलं.

विहीणबाईंना हळूहळू उमगलं. आपण आपलं सगळं दुःख ज्याच्यापुढे मोकळं केलं, त्याला त्यातलं अक्षरही कळलं नव्हतं. एखादी चिडली असती, आणि ते चुकीचं ठरलं नसतं. त्यांचे ओठ थरथरले, आणि मग त्या तोंड न लपवता, डोळे न पुसता, मोठ्याने हसल्या. बाहेर कान देऊन उभी असलेली सून दचकली. आईचं हसणं तिने फार दिवसांनी ऐकलं होतं.

विहीणबाईंनी बॅग बाजूला सारून मास्तरांना बसायला जागा केली. पुस्तक स्वतःकडे घेतलं, दुसऱ्या धड्याच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि ती सावकाश वाचून दाखवली. मास्तर चुकले. विहीणबाईंनी पुन्हा वाचली. मास्तर पुन्हा चुकले, आणि या खेपेला मुद्दाम नाही. विहीणबाईंनी खिडकीबाहेर, दूर, आणखी दूर, असा हात करून दाखवला, तेव्हा कुठे मास्तरांना अर्थ लागला आणि ते अडखळत म्हणाले, "स्टेशन इथून फार लांब आहे."

विहीणबाईंनी मान डोलावली, आणि बॅगेतले कपडे बाहेर काढून ठेवायला लागल्या.