लाल सिग्नल ओलांडणारा माणूस

उत्तर जपानमधल्या आकितात, तेलविहिरींच्या एका गावात मी संशोधनासाठी दोन वर्षं काढली. तिथल्या पंपांना सुटे भाग पुरवणारा साठीचा एक छोटा कारखानदार मला रोज सकाळी चौकात भेटायचा. कडक इस्त्रीचा गणवेश, दिसलो की कमरेतून वाकून नमस्कार. कचऱ्यात टाकायच्या बाटल्यासुद्धा धुऊन ठेवणारा हा गृहस्थ रस्ता मात्र लाल सिग्नललाच ओलांडायचा. जपानमध्ये! शेवटी एकदा मी न राहवून विचारलंच.

"भूकंप झाला तेव्हा बायको मुलीकडे होती, पलीकडच्या किनाऱ्यावर," तो म्हणाला. "त्सुनामीच्या लाटेतून दोघी वाचल्या. शाळेत आसरा मिळाला, पण स्टोव्हला रॉकेल नव्हतं. मी ट्रकभर रॉकेल घेऊन निघालो. हायवे फक्त मदतीच्या गाड्यांना खुला होता; पोलिसांनी अडवलं, परवाना आणा म्हणाले. दोन दिवस मी परवान्याच्या रांगेत उभा होतो. एक जण अडथळ्याच्या कडेने गाडी काढून सरळ निघून गेला. मी नाही गेलो."

"मग?"

"बायको थंडीने गेली. मुलगी अजून माझा फोन घेत नाही. गावात सगळे म्हणतात, मी फार शिस्तीचा माणूस आहे."

सिग्नल लाल होता. तो वाकला आणि बर्फातून चालू लागला. रस्त्यावर एकही गाडी नव्हती. मी हिरव्याची वाट बघत अलीकडेच उभा राहिलो.