नंदी नसलेला बैल

कोणी काही फुकट देऊ लागला, की वऱ्हाडात लोक आधी त्याच्या तोंडाकडे पाहतात आणि मग त्याच्या मागे कोण उभं आहे ते. मीही तसाच. त्यामुळे माझा बैल फुकट घ्यायला कोणी तयार होईना, तेव्हा रागावायचा मला फारसा हक्क नव्हता. तरी मी रागावलो.

मी तेव्हा अमरावतीच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचो. भाड्याच्या घरामागे मोकळं आवार होतं. तिथे दोन उन्हाळ्यांच्या सुट्ट्या घालवून मी एक बसलेला बैल केला. आत लोखंडी सळ्या, वर सिमेंट, आणि त्यावर फुटक्या कपबशांचे, बरण्यांचे, फरशीचे तुकडे एकेक करून बसवलेले. बसलेला असूनही त्याचं वशिंड माझ्या डोक्याच्या वर जायचं. तो वडिलांचा बैल होता, मला आठवत होता तसा: पांढरा, म्हातारा, नाकात वेसण, मानेवर जुवानं पडलेला काळा घट्टा.

घरमालकाला त्या आवारात खोल्या काढायच्या होत्या. पावसाळ्याच्या तोंडावर तो म्हणाला, "मास्तर, हा हलवा. नाही तं मी फोडतो. पण पोळा होऊ देतो. पोळ्याआधी बैलाले हात लावत नाही मी." इतका धार्मिक माणूस मी दुसरा पाहिला नाही.

सुरुवात शाळेपासून केली. शाळेचं आवार मोठं होतं. हेडमास्तर स्वतः बैल पाहायला आले, त्याच्याभोवती फिरले आणि आवाज उतरवून म्हणाले, "दुसरा कुठे आहे?" दुसरा नाही, एकच आहे, असं मी सांगितलं. "आज एक आहे. निवडणूक आली की तुम्ही जोडी पुरी कराल. मग मी वर काय उत्तर देऊ?" बैलजोडी ही तेव्हा सत्ताधारी पक्षाची निशाणी होती. मला हसू आलं. मी हसलो म्हणून त्यांचा संशय पक्का झाला आणि तो विषय संपला.

मग अंजनगाव सुर्जीचा एक पानमळेवाला तयार झाला. रस्त्याच्या कडेला, आपल्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, जागा देतो म्हणाला. मी जागा बघायला गेलो तर शेजारचा शेतकरी आधीच येऊन उभा. "आज बैल ठेवता. उद्या याच्यासमोर पिंड निघन, परवा कळस चढन. मंग आमचा धुरा कुठी सरकला ते आमी शोधत बसू." पानमळेवाला रागानं लाल झाला. पण एवढी जागा पडलेली असताना त्यानं नेमका धुराच का दाखवावा, हे माझ्याही डोक्यात आलं होतं. मी एसटी पकडून परत आलो.

चांदूर बाजाराकडच्या एका महादेवाच्या देवळाचे पंच मात्र हार घेऊनच आले. बैलाच्या गळ्यात हार घातला, नमस्कार केला आणि रीतीप्रमाणे मागे गेले. आमच्याकडे नंदीच्या वृषणाला हात लावून मग शिंगांमधून पिंडीचं दर्शन घेतात. पंचांचा हात बराच वेळ काहीतरी शोधत राहिला.

"हा तं बडवलेला हाय," ते म्हणाले.

म्हणजे खच्ची केलेला. मी म्हटलं, हा औताचा बैल आहे, तो बडवलेलाच असतो.

"कोणी पाठवलं तुमाले? देवाची टिंगल कराले?"

हार काढून घेऊन ते गेले. चार दिवसांनी मात्र निरोप आला: जे नाही ते घडवून द्या, वेसण काढा, घट्टा बुजवा, आम्ही चौथरा बांधतो.

पोळा जवळ आला होता. मी घमेल्यात सिमेंट कालवलं, थापी घेतली आणि बैलाच्या मागे बसलो. तासाभराचंही काम नव्हतं. पण ज्या दिवशी त्या बैलाला बडवलं, त्या दिवशी वडील जेवले नव्हते. मी बसून राहिलो आणि सिमेंट घमेल्यातच वाळलं.

शेवटी अकोल्याचा एक सरकारी कारकून आला. तो कामानं आमच्या शाळेत आला होता आणि तिथे त्यानं बैलाची थट्टा ऐकली, तेव्हा मीच त्याला बैल देऊ केला होता. त्यांच्या वस्तीनं बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन पाचसहा वर्षं झाली होती. वस्तीनं स्वतःच्या जागेवर वाचनालय बांधलं होतं आणि त्याच्यापुढे अंगण मोकळं होतं. पण आल्या आल्या त्यानं मलाच विचारलं, "गुरुजी, आमी घरातले देव नदीत सोडले. तुमी आमच्या दारात नंदी पाठवून राहिले. काहून?"

मीही उलट विचारलं, तुमच्या वस्तीशेजारच्या आळीतल्या देवळाला चिडवायला तर बैल नको आहे ना?

"ते चिडतीनच," तो म्हणाला. "पण त्याच्यासाठी नाही आलो मी."

बोलता बोलता तो बैलाच्या मागे गेला आणि त्यानं तिथेच हात घातला. मी मान फिरवली.

"बडवलेला हाय," तो म्हणाला.

मग तो पुढे आला आणि मानेवरच्या घट्ट्यावर त्यानं तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला. "माह्या बापाच्या खांद्यावर असाच होता. जिनात कापसाचे बोरे वाहू वाहू झालेला." वेसणीकडे पाहत म्हणाला, "हा नंदी नाही. हा द्या आमाले."

माझा संशय तरीही गेला नव्हता. मी म्हटलं, "पुढेमागे कोणी पूजा तर नाही ना करणार?"

"पूजा कोण करते त्याची?" तो म्हणाला. "पण मारणारबी कोणी नाही."

वडिलांच्या बैलासाठी मी इतके महिने नुसती जागा शोधत होतो, आणि त्याला तिथे कोणी मारणार तर नाही ना, हे मीच आधी विचारायला हवं होतं. मला त्या कारकुनासमोर रडू आलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी ट्रक आला. ड्रायव्हरचा भरवसा वाटेना, म्हणून अकोल्यापर्यंत मी मागेच बसलो, बैलाच्या मानेला धरून.