गुरुजींचं एक मत

गुरुजींना काहीही विचारा, उत्तर ठरलेलं, "शनिवारी विचारून सांगतो." शनिवारी त्यांच्या शाळेत मोहाच्या झाडाखाली सभा भरायची. तेवीस पोरं, दोन मास्तर. पहिलीतल्या पोरीचं एक मत, गुरुजींचंही एकच. काय शिकायचं, कोणाकडून शिकायचं, भांडणाचं काय करायचं, सगळं तिथं ठरे. एकदा देवरीहून शिक्षण खात्याचे साहेब आले नि वेळापत्रक मागू लागले. गुरुजी म्हणाले, "पोरायनं याच हप्त्यात बदलवलं. जुनंच पायजे असंल तर सभेत मांडा, साहेब. तुमालेबी एक मत देऊ." साहेब चहा न पिताच गेले.

गाव हसायचं. मीही हसायचो. मी चौथी शिकलेला. मास्तरानं झोडपलं म्हणून तेवढं तरी आलं, अशी माझी समजूत.

दोन हजार सहात माझी बायको गेली. तेरवीपर्यंत घर भरलेलं, मग सगळे आपापल्या गावी. लेक तिरोड्याला दिलेली, तीही गेली. दिवसभर तोंडातून शब्द निघत नसे. तेव्हा संध्याकाळी गुरुजी येऊ लागले. काटकुळा माणूस, सायकलसाठी पँटचा एक पाय कायम दुमडलेला. सांत्वन वगैरे काही नाही. अंगणातल्या बाजेवर बसत.

"ही बाज कोणं विणली, दसारामभाऊ?"

"मीच."

"पोरायले शिकवता काय?"

"तुमी म्हणाल तसं."

"मी कोण म्हणणारा? शनिवारी विचारतो."

सभेनं हो म्हटलं. रोज दुपारी मी पोरांना अंबाडीची दोरी वळायला, बाज विणायला शिकवू लागलो. पोरं "आबाजी, आबाजी" करत. खरं सांगतो, त्या दोन तासांसाठी मी सकाळी उठत होतो.

पोळ्यानंतरची गोष्ट. पौर्णिमा नावाच्या नऊ वर्षांच्या पोरीनं विणून होत आलेल्या बाजेची ताणलेली दोरी कापली. काय होते ते पाहायचं होतं म्हणे. मी तिच्या पाठीत एक ठेवून दिली. रडली नाही. म्हणाली, "शनिवारी सांगीन."

सांगितलंच. सातवीतली सुनीता सभा चालवत होती. तिनं मला विचारलं, "आबाजी, मारलं काय?"

"मारलं. पण तिनं दोरी काऊन कापली?"

"दोरीचं मंग पाहू. मारायचं नाई, असा नियम आहे."

दिवाळीपर्यंत मला शाळा बंद, असं कोणीतरी मांडलं. हात मोजले. अर्धे इकडे, अर्धे तिकडे. गुरुजींचा हात तेवढा राहिला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझ्याच विरुद्ध वर केला.

त्याच संध्याकाळी नेहमीसारखे आले.

"तुमीबी, गुरुजी?"

"मीबी. मारलं ना तुमी."

"मंग आता कायले आले?"

"बंदी तुमाले शाळेत आहे, भाऊ. मले या अंगणात कोणं केली?"

मी आत गेलो आणि कवाड लावून घेतलं. दुसऱ्या दिवशीही आले. हाक नाही, काही नाही. अर्धा तास बसून गेले. पाऊस असला तर छत्री उघडून बसत. मी फटीतून पाहत राही. असा दीड महिना. माणसासाठी जीव तडफडत होता, माणूस दारात बसला होता, आणि मी आत अंधारात अकड धरून. गुरुजींनी लग्न केलं नव्हतं, शाळेच्याच खोलीत एकटे राहायचे. त्यांनाही बसायला कुठंतरी जागा लागत असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही.

मग ते यायचे थांबले. वाटलं, थकले एकदाचे. पाचव्या दिवशी कळलं, छातीत दुखलं म्हणून गोंदियाला नेलं होतं, तिथंच गेले.

दिवाळी झाली. सुनीता आणि पौर्णिमा घरी आल्या. "आबाजी, बंदी सरली. येऊन राहिले काय?"

गेलो. गुरुजी नव्हते, तरी सभा भरलेली होती. माझी पाळी आली तेव्हा म्हटलं, "मी पौर्णिमाले मारलं. चुकलं माझं."

पौर्णिमा म्हणाली, "बरं. बसा आता."

बसलो. एवढंच बोलायचं होतं. पण कवाड उघडून ते गुरुजींशी बोलायला मला दीड महिना पुरला नाही.