दाक्षायणीबाईंच्या गच्चीवरचा पाईप

कुंभारीत दाक्षायणीबाईंना ओळखणारे पुष्कळ; त्यांच्याकडे दोन घटका बसायला येणारं मात्र कुणी उरलेलं नाही. दुधनीहून लग्न होऊन त्या इथं आल्या आणि नवऱ्याच्या किराणा दुकानात निम्मं आयुष्य कानडीत भाव सांगण्यात आणि मराठीत घासाघीस करण्यात गेलं. मग शिवपुत्र वारले, दुकान मिटलं, आणि बोलायची सवय तेवढी बाईंच्या गळ्यात राहिली.

गच्चीवरचा लोखंडी पाईप शिवपुत्रांचाच. गल्लीतला पहिला टीव्ही त्यांनी आणला, तेव्हा अँटेनासाठी मोठ्या हौसेनं उभा केलेला. अँटेना केव्हाच भंगारात गेली, पाईप राहिला. त्याला एक खोड होती. वावटळीत तो गप्प असायचा. पण सांजेला एकसारखा, बेताचा वारा सुटला की घुमायला लागायचा, आणि ती घरघर भिंतीतून उतरत थेट बाईंच्या पलंगापर्यंत यायची.

त्यांची एकुलती एक लेक चंद्रिका पुण्याला. दर रविवारी तिचा फोन यायचा. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, एवढं झालं की दोघींचं बोलणं आटायचं. मग बाई पाईपाचा विषय काढायच्या.

"लई वाजतोय बघ. डोळ्याला डोळा लागू देत न्हाय."

साफ खोटं! त्या घरघरीवरच तर त्यांना झोप लागायची. पण तक्रार केली की चंद्रिका चिडायची, कापून टाक म्हणायची. बाई म्हणायच्या, तुझ्या बापानं उभा केलाय, हात लावशील तर बघ. या हुज्जतीत फोन चांगला लांबायचा. बाईंचा सगळा आठवडा त्या हुज्जतीवर तगून होता.

पण जावई पडला सरळ माणूस. गुरुशांत हा कारखान्यांच्या धुराड्यांची कामं बघणारा इंजिनिअर. त्यानं सासूचं गाऱ्हाणं मनावर घेतलं आणि सुट्टी काढून चंद्रिकेसह हजर झाला. बाईंनी भाकऱ्या थापता थापता त्याला पाईपाची कुळकथा ऐकवली. तेव्हा त्यानं परातीत पाणी मागितलं, वर हळद भुरभुरली आणि लाटणं उभं धरून सरळ ओढलं. लाटण्यामागं हळदीचे भोवरे उमटत गेले. एक डावीकडं, एक उजवीकडं.

"वाऱ्याचंही असंच असतं, मामी," तो म्हणाला. "गोल पाईपाच्या मागं आळीपाळीनं भोवरे सुटतात. एक सुटला की पाईप इकडं ओढला जातो, दुसरा सुटला की तिकडं. त्यांचा ताल आणि पाईपाच्या डुलण्याचा ताल जुळला की तो घुमतो."

"म्हंजे वावटळीत त्यो ताल जुळत न्हाय व्हय?"

"नाही जुळत. म्हणून गप्प."

बाईंनी त्याच्या हातातलं लाटणं हिसकावलं आणि स्वतःच भोवरे काढत बसल्या. चंद्रिका हसून हसून बेजार झाली. किती दिवसांनी त्या स्वयंपाकघरात कुणीतरी हसत होतं.

दुसऱ्या दिवशी गुरुशांतनं शेजारच्या नागप्पाची शिडी आणली आणि पाईपाला वरपासून खालपर्यंत जाड दोर तिरका गुंडाळला, वेल चढते तसा. आता वरचे भोवरे वेगळ्या वेळेला सुटतील, खालचे वेगळ्या, सगळ्यांचा मिळून जोर लागणार नाही, असं त्यानं समजावलं. सांजेला वारा सुटला. पाईप मुका.

दोघं परत गेली. रविवारी चंद्रिकेनं विचारलं, "अव्वा, वाजतो का गं?"

"न्हाय."

"बरं झालं. एक काळजी मिटली." आणि फोन आटोपला. त्यानंतरच्या रविवारी फोन आलाच नाही. नुसता मेसेज आला, कामात आहे म्हणून. बाई पलंगावर पडून भिंतीकडं बघत राहिल्या. भिंतही काही बोलेना. एवढं एकटं त्यांना शिवपुत्र गेले तेव्हासुद्धा वाटलं नव्हतं.

सोमवारी सकाळी गुडघे धरत त्या जिना चढल्या. दोराचं खालचं टोक सोडलं आणि पाईपाभोवती उलट्या फेऱ्या मारत तो उलगडत नेला. वरची गाठ इंजिनिअरची होती. खालूनच दिलेल्या एका हिसक्यात सुटली. मग खाली येऊन, फोन मांडीवर घेऊन, त्या वाऱ्याची वाट बघत बसल्या. दिवसभर पान हललं नाही. दिवेलागणीला भिंतीतून ओळखीची घरघर उतरली आणि बाईंनी लगबगीनं फोन लावला.

"चंद्रिका, पाईप परत वाजाया लागलाय की गं! दोर सुटला बघ."

पलीकडं कुजबुज झाली. मग चंद्रिका म्हणाली, "अव्वा, तू अजिबात काळजी करू नको. हे म्हणतात, त्यासाठी आम्ही यायची गरजच नाही. तिथल्याच एका वेल्डरला सांगतात. उद्या येऊन तो दोरासारखीच तिरकी लोखंडी पट्टी मारून जाईल. कायमचं काम होईल."

बाईंच्या पाठीमागची सगळी भिंत घुमत होती.

"नको गं," त्या म्हणाल्या. "एवढा काय वाजत न्हाय."