देवाच्या बैठकीखालची वायर

खोटं कशाला बोलू, त्या दिवशी माझी श्रद्धा डळमळलीच होती. करमाडला जालना रोडवर आमचं गाड्यांच्या वायरिंगचं छोटं गॅरेज आहे. माझे मालक वारले तेव्हापासून मीच बघते. शाळा चौथीपर्यंतच झाली, बाकीचं मीटर हातात धरून शिकले.

दुष्काळाचं वर्ष होतं ते. एकीकडं शेंद्र्याला कारखाने उठत होते, रस्ते रुंद होत होते, आन गावात आम्ही टँकरची वाट बघत बसायचो. अशात कैलास तो चालवतो ती गाडी घेऊन आला. आमच्या भागातल्या चार आजारी माणसांना तो डायलिसिसला शहरात नेतो. गाडी वळणावर घसरायला लागली की ते ओळखणारा एक सेन्सर असतो, मग ब्रेक आपसूक गाडीला सावरतात. तो सेन्सरच बंद पडलेला आन समोर पिवळा दिवा पेटलेला. रस्त्यावर सगळीकडं खडी, आदल्या खेपेला गाडी पलटता पलटता वाचलेली. दिवा विझल्याशिवाय माणसं बसवायची नाहीत, असं गाडीमालकानं बजावलं होतं. शहरातल्या गॅरेजवाल्यानं सांगितलं, सेन्सर बदला, यायला आठ दिवस लागतील. आन डायलिसिस तर दुसऱ्याच दिवशी!

मी सीटखालचा सेन्सरचा सॉकेट काढून मीटर लावला, तर सेन्सरपर्यंत वीजच येत नव्हती. मग त्या बिचाऱ्याला काय दोष द्यायचा? उपाशी माणसाला आळशी म्हणावं, तशातली गत. फ्यूज चांगला, तिथं बारा व्होल्ट पुरे. म्हणजे मधेच कुठंतरी वायर तुटलेली. ती जाते गिअरपुढच्या प्लॅस्टिकच्या खोक्याखालून, आन त्या खोक्यावरच कैलासनं खंडोबाची पितळी मूर्ती स्क्रूनं पक्की बसवलेली. खोकं उघडायचं तर आधी देव उठवायला पाहिजे.

"मावशी, देवाला हात नको," कैलास म्हणाला. "पूजा करून बसवलाय."

मलाही कुठं धीर होता? बसवलेला देव आम्ही उगीच हलवत नाही. फटीतून बॅटरी मारून बघ, खालून बोटं घालून बघ, यातच दुपार गेली. मनात म्हटलं, खंडेराया, चार जिवांचा प्रश्न आहे आन तू असा गप्प?

तेवढ्यात एक धनगर म्हातारबा मेंढरं घेऊन दारात उभे राहिले. "माय, हौदातलं पाणी पाजू का वं?" हौदात पाणी तळाला गेलेलं, पण नाही म्हणवेना. मेंढरं पिईपर्यंत ते गाडीत डोकावले, मूर्तीपुढचा भंडारा कपाळाला लावला आन विचारलं, काय अडलंय. मी सगळं सांगितलं. म्हातारबा खळखळून हसले.

"देव हलवायचा न्हाय? आमचा खंडोबा तर सारखा हलतो! तळ उठला की आधी देव घोड्यावर, मग लेकरं. एकाच जागी बसला असता तर आमच्या संगं रानोमाळ कोण आलं असतं?"

"पण बाबा, कोपला म्हंजी?" कैलासनं विचारलं.

"कोपायला त्यो काय तुझी सासू हाय व्हय?"

मी हात धुतले, धुतलेला रुमाल पसरला. "देवा, उठा आता," म्हणाले आन स्क्रू सोडवले. खोकं उचललं, तर चारातला एक स्क्रू लांब निघाला. तो थेट खाली उतरून वायरीत घुसलेला. वर रोज तांब्याभर पाण्याची अंघोळ, त्यानं आतली तार गंजून, हिरवी होऊन तुटलेली. ज्याच्यापुढं आम्ही हात जोडत होतो, त्याच्याच बैठकीखाली दुखणं होतं बघा.

तार कापून नवी जोडली, सॉकेटला मीटर लावला. बारा व्होल्ट! गाडी थोडी फिरवून आणली आन दिवा विझला. कैलासनं अशी काही "येळकोट येळकोट" आरोळी ठोकली की समोरच्या हॉटेलातली माणसं चहा टाकून बाहेर आली. मीसुद्धा पाना हातात घेऊनच नाचले, या वयात! कैलासनं देव परत बसवला, या वेळी चिकटपट्टीवर.

म्हातारबांना सांगायला वळले, तर ते मेंढरांमागं निघूनही गेले होते. ते कोण, कुठले, याचा मी शोध घेत बसले नाही. आजवर मला वाटायचं, शरण जाणं म्हणजे हात जोडून बसणं. पण देव उठायला केव्हाचा तयार होता, माझेच जोडलेले हात सुटत नव्हते. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला शहरातून परतताना कैलासची गाडी दारावरून गेली, चौघंही आत बसलेली. मी जागची उठले आन दारातूनच नमस्कार केला.