कानापुढची शीर

दारव्ह्यातल्या आमच्या सलूनवाल्याच्या मागं एकदा मेंदूत रक्तस्राव झाला. मोयामोया म्हणून आजार निघाला, मेंदूतल्या शिरा बारीक होत जाण्याचा. तेव्हापासून दाढी करताना त्याचा अंगठा गिऱ्हाइकाच्या कानापुढं, ठोका लागतो तिथं थांबतो.

"हेच शीर आत मेंदूतल्या शिरेले जोडतो म्हनते डाक्टर. नाही तं गोळ्या खा अन् वाट पाहा. धोका दोन्हीत हाये. तुमी काय केलं असतं?"

वस्तरा गळ्यावर असतानाच विचारतो. मी 'विचार करून सांगतो' म्हणून म्हणून थकलो होतो.

काल त्यानं काहीच विचारलं नाही. त्याच्या उजव्या कानावरचे केस साफ काढलेले होते, कडा अगदी सरळ.

"उद्या ऑपरेशनले नागपूरले चाललो," तो म्हणाला. "तेथं कोनीबी कसंबी भादरते. म्हनलं, आपलं आपनच करून न्यावं."