अब्बांचा आवाज
तापल्या वाळूचा वास आला की आखातातल्या दस्मान वस्तीतलं आमचं घर आठवतं. अब्बा तेल कंपनीच्या लाँचवर तांडेल होते, खलाशांचे प्रमुख. टोकियोत परदेशी सिनेमांतल्या नटांना जपानीत आवाज देणारा एक जपानी माणूस त्या तेल कंपनीच्या माहितीपटासाठी आला होता, तो आमच्याकडे चहाला यायचा. “ज्याचा आवाज मी होतो तो नट वारला, माझंही काम थांबलं,” एकदा तो म्हणाला आणि गंमत म्हणून हुबेहूब अब्बांच्या आवाजात चहा मागितला. “आणते,” म्हणत अम्मा बाहेर आली, तर अब्बा गप्प बसलेले. “जित्या माणसाचा आवाज असा काढू नये. उद्या लाँचवर जाऊ नका,” ती म्हणाली. “अगं, त्याचा धंदाच आहे तो,” अब्बा हसले. दुसऱ्या दिवशी लाँच वादळात बुडाली, अब्बा परतले नाहीत. जपानी भेटायला आला, पण त्याने तोंड उघडण्याआधीच अम्माने दार लावलं. आज मी तिच्या तेव्हाच्या वयाची आहे. मी त्याला आत घेऊन एकदा अब्बांच्या आवाजात बोलायला लावलं असतं.